कर, आम्ही आहोत!

घरात कुणी नवा धंदा काढतो म्हटलं, की "हे आपलं काम नव्हे" असं आपण चटकन बोलून जातो.

त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी सिनेमा काढायचं ठरवलं, तेव्हा लोकांनी त्यांना वेड्यात काढलं. पत्नी सरस्वतीबाईंनी मात्र दागिने काढून दिले, अंधारात बसून फिल्मला भोकं पाडली. कुंडीतला वाटाणा उगवून कसा वाढतो, याचं छोटं चित्र फाळक्यांनी आधी करून दाखवलं, तेव्हा कुठं भांडवलाची सोय झाली. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला.

मंडळी, उद्या सूनबाई रोपवाटिका काढते म्हणाली, तर हिशेब जरूर विचारा. पण आधी "कर, आम्ही आहोत" म्हणा आणि तिच्या वाटणीचं थोडं घरकाम उचला.