मदतीचा पैसा संपल्यावर शाळांनी काय करायचं?



सगळी सोंगं आणता येतात, पण पैशाचं सोंग आणता येत नाही, असं आपल्याकडे म्हणतात. मंदीच्या काळात अमेरिकेतल्या राज्यांना याचा चांगलाच अनुभव आला.

तिथल्या सरकारी शाळा मुख्यतः राज्याच्या आणि स्थानिक करांवर चालतात. केंद्र सरकारचा वाटा एरवी साधारण एक दशांश असतो. शिवाय जवळजवळ प्रत्येक राज्याला आपला अर्थसंकल्प संतुलित ठेवावाच लागतो. त्यामुळे कराचं उत्पन्न घटलं की खर्चाला कात्री लागते. शाळांचा बहुतेक खर्च पगारावर होतो, म्हणून पहिली कुऱ्हाड शिक्षकांवर पडते.

हे टाळण्यासाठी फेब्रुवारी २००९ मध्ये ओबामा सरकारने ७८७ अब्ज डॉलरचा मदत कायदा केला. त्यात ५३.६ अब्ज डॉलर राज्यांना सावरण्यासाठी होते. गव्हर्नरांकडे आलेल्या रकमेतला सुमारे ८२ टक्के भाग शिक्षणासाठी राखून ठेवला होता. या पैशामुळे अनेक शिक्षकांच्या नोकऱ्या वाचल्या. ते योग्यच झालं.

पण एक पळवाट राहिली. राज्यांनी शिक्षणावरचा स्वतःचा खर्च २००६ च्या पातळीखाली नेऊ नये, एवढीच अट होती. मधल्या वर्षांत तो खर्च वाढला होता. मग काही राज्यांनी काय केलं? स्वतःचा पैसा जुन्या पातळीकडे खाली आणला आणि खड्डा केंद्राच्या पैशाने भरला. म्हणजे एका हाताने दिलं, दुसऱ्या हाताने काढून घेतलं! २०११ च्या सुमारास हा निधी आटला, तेव्हा राज्यांची तिजोरी अजून भरलेली नव्हती. जी कपात टळली असं वाटत होतं, ती नुसती पुढे ढकलली गेली होती.

कोरोनाकाळात हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर घडली. २०२० आणि २०२१ मध्ये तीन हप्त्यांत शाळांसाठी सुमारे १९० अब्ज डॉलर आले. या वेळी अट जास्त शहाणपणाची होती. राज्याच्या एकूण खर्चात शिक्षणाचा जो हिस्सा आधी होता, तो टिकवायचा होता. शेवटच्या हप्त्यातले किमान २० टक्के मुलांचं बुडालेलं शिक्षण भरून काढण्यासाठी होते. तरी ज्या जिल्ह्यांनी या पैशातून कायमची पदं भरली, त्यांच्यापुढे सप्टेंबर २०२४ ची मुदत संपताना तोच प्रश्न उभा राहिला: आता यांचा पगार कुठून द्यायचा?

माझं मत सरळ आहे. एकदाच येणारा पैसा एकदाच होणाऱ्या कामाला लावावा. वर्गखोल्यांची हवा खेळती करणं, मागे पडलेल्या मुलांसाठी जादा तास, शिक्षकांचं प्रशिक्षण ही तशी कामं. मंदीत पगार वाचवायला तो वापरावा लागला तर जरूर वापरावा, पण पुढची सोय त्याच दिवसापासून बघावी. आणि राज्याने आपला हात आखडता घेऊ नये.

आपली समग्र शिक्षा ही मंदीची मदत नाही, नियमित योजना आहे. तिच्यात केंद्राच्या ६० रुपयांमागे महाराष्ट्राला स्वतःचे ४० घालावे लागतात. अशी बांधिलकी महत्त्वाची असते. तेव्हा शाळेसाठी मोठ्या निधीची बातमी वाचलीत, की एक प्रश्न नक्की विचारा: हा पैसा आधीच्या पैशात भर घालणार आहे, की त्याची जागा घेणार आहे?