म्हैस कुणाच्या गोठ्यात बांधाल?

पावसाळ्याच्या तोंडावर एका गावात आपत्ती आराखड्याची बैठक झाली. तिथं एक सूचना आली आणि कुणी ती खोडून काढली नाही, याचा मला अजून राग आहे. यंदा महापूर आला तर आपल्या शाळेत बाहेरगावचे लोक घ्यायचे नाहीत म्हणे. कोण कुठले, कुणाला ठाऊक! जगबुडीनंतरच्या मालिकांत दार वाजवणारा प्रत्येक जण लुटारू असतो, तिथून ही भीती आली असेल. पण आपण खरं बुडणं पाहिलंय.

ऑगस्ट २०१९, कोल्हापूर जिल्हा. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची धोका पातळी ४३ फूट, पाणी ५५ फुटांच्याही वर. चिखली, आंबेवाडी, शिरोळ तालुक्यातली गावंच्या गावं पाण्यात. माणसं बोटीत चढेनात, कारण दावणीला म्हशी. ज्यांना जनावरं वेळेत हलवता आली त्यांनी ती पै-पाहुण्यांकडं नेली; ज्यांना पाहुणे नव्हते त्यांनी उंचावरच्या गावात जो गोठा मोकळा दिसला तिथं बांधली. चिठ्ठी नाही, पावती नाही. ज्या म्हशीच्या दुधावर घर चालतं, ती नाव-गाव माहीत नसलेल्या माणसाच्या हवाली केली. शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला, तेव्हा अडकलेल्या परराज्यांतल्या ट्रकवाल्यांना आसपासच्या लोकांनीच जेवू घातलं.

त्याला आठ महिनेही झाले नव्हते. मार्च २०२० मध्ये, कोरोनाच्या धास्तीनं, त्याच जिल्ह्यात वेशीवर काटेरी फांद्या पडल्या, कुठं दगड, कुठं रस्त्यात चर. अडवलं कुणाला? आजरा, चंदगड, शाहूवाडीतून पोटासाठी मुंबईला गेलेल्या आपल्याच पोरांना. पुरात परका घरचा झाला होता. इथं घरचा परका ठरला.

माणसं तीच होती, म्हणून मला हा फरक महत्त्वाचा वाटतो. पुराचं पाणी सगळ्यांना दिसतं आणि दारात आलेला आपल्यासारखाच भिजलेला असतो. रोग चेहऱ्यावर दिसत नाही, म्हणून चेहराच संशयाचा होतो. ही भीती खरी होती, तिला मी नावं ठेवणार नाही. पण मे महिन्यात मुंबईकर मोठ्या संख्येनं आले, रुग्ण वाढले, भीती काही कमी झाली नव्हती, तरी वेशी उघडल्या. कारण तोवर नियम ठरला होता: आधी शाळेत १४ दिवस, मग घरी. राखण ग्रामसमितीची. त्याच वेशीतून मग शाळेच्या फाटकापर्यंत भाकरीचे डबे जाऊ लागले. माणसं एकाएकी प्रेमळ झाली असं नाही; दार कधी आणि कसं उघडायचं हे सगळ्यांना आधी माहीत होतं, एवढंच. आणि जिथं गावची तालीम, म्हणजे पोरांचा आखाडा आणि मंडळ, जिवंत आहे तिथं हे लवकर जमतं.

आराखड्यात बोटी मोजल्या जातात, लाइफ जॅकेट मोजली जातात. बुडणाऱ्या प्रत्येक गावाची उंचावरच्या एका गावाशी जोडीही त्यात लिहायला हवी: कुठली शाळा, किती जनावरं, कुणाचे गोठे, वैरण कोण देणार. नदी ३९ फुटांच्या इशारा पातळीला जायच्या आत दोन्ही सरपंचांनी एकदा समोरासमोर बसावं, आणि तालमीच्या पोरांना सोबत न्यावं.