शब्दांची ओळख : देवाचं शेत



जर्मनीत चर्चच्या कबरस्तानाला तीन जुनी नावं आहेत. 'किर्खहोफ' म्हणजे चर्चचं अंगण. पूर्वी मयत चर्चला लागूनच पुरत. 'गोटेसआकर' म्हणजे देवाचं शेत. बी मातीत पडतं नि पुन्हा उगवतं, तसं माणूसही उठेल, ही त्यामागची श्रद्धा. 'फ्रीडहोफ' या तिसऱ्या नावात आज लोकांना 'शांती' ऐकू येते; मुळात अर्थ होता कुंपण घालून राखलेली जागा.

आपण हिब्रूत 'बेथ ओलाम' म्हणतो, म्हणजे सर्वकाळचं घर. इथे नावातला फरक व्यवहारातही दिसतो. जर्मनीत कबरीची जागा बहुधा २०-३० वर्षांपुरतीच मिळते, मुदत संपली की ती दुसऱ्याला देता येते. आपल्यात कबर कायमची. वर्म्स शहरातल्या यहुदी कबरस्तानात अकराव्या शतकातले दगड आजही आहेत. २०२१ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा मानलं.

मुलांनो, आपले पूर्वज कोकणात नवगावला किंवा आणखी कुठे विसावलेत, ते आजोबांना आजच विचारा नि वहीत लिहून ठेवा. कुंपण आता तुम्हीच राखायचं.