विश्लेषण : बॉम जीझस बॅसिलिकेला पुन्हा गिलावा हवा का?

जुन्या गोव्यातली बॉम जीझस बॅसिलिका म्हटली की डोळ्यांसमोर येते ती उघड्या जांभ्याची तांबूस भिंत. पोस्टकार्डावर तीच, फ्रिजवरच्या मॅग्नेटवरही तीच. मात्र हे रूप जेमतेम सत्तर वर्षांचे आहे. १५९४ मध्ये बांधकाम सुरू झालेल्या आणि १६०५ मध्ये अभिषेक झालेल्या या चर्चच्या भिंतींवर साडेतीन शतके चुन्याचा गिलावा होता.

गिलावा कोणी काढला?

१९५०च्या दशकात, पोर्तुगीज राजवटीतच. वास्तुविशारद बाल्टाझार कास्त्रो यांच्या देखरेखीखाली तो खरवडला गेला. जुन्या वास्तूचा दगड उघडा दिसला की ती अधिक ‘अस्सल’ वाटते, ही त्या काळची पोर्तुगालमधलीही समजूत. म्हणजे आज आपण ज्याला प्राचीन म्हणतो, ती खरे तर विसाव्या शतकाची आवड आहे.

त्याने बिघडले काय?

जांभा सच्छिद्र असतो. कोकणात चिऱ्याचे घर असलेल्या कोणालाही हे सांगावे लागत नाही. गोव्यात वर्षाला सुमारे ३ हजार मिलिमीटर पाऊस पडतो. उघडा चिरा ते पाणी पितो, हळूहळू झिजतो आणि ओल आत झिरपते. दर्शनी भागातल्या कोरीव कामाचा काळा बेसाल्ट वसईहून आणलेला. तो त्या मानाने कणखर. धोका आहे तो बाकीच्या भिंतींना आणि पर्यायाने आतल्या ठेव्याला : सोनेरी मुलाम्याची लाकडी वेदी, चित्रे, गोव्याच्या कारागिरांनी घडवलेली सेंट फ्रान्सिस झेवियर यांची चांदीची शवपेटी आणि तिच्याखालचा फ्लॉरेन्सच्या शिल्पकाराचा संगमरवरी चौथरा. रस्त्यापलीकडचे से कॅथेड्रलही जांभ्याचेच, पण ते आजही पांढऱ्या गिलाव्यात आहे.

मग अडते कुठे?

२०२०मध्ये बॅसिलिकेच्या रेक्टरांनीच इमारतीच्या अवस्थेबद्दल जाहीर इशारा दिला होता. पूजा-प्रार्थना चर्चच्या हाती, तर वास्तूचे जतन भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे, अशी ही विभागणी. शिवाय १९८६ पासून जुन्या गोव्यातली चर्चेस युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत, म्हणजे रूप बदलणारा कोणताही निर्णय आणखी नाजूक. ‘आहे तसे जपा’ हे तत्त्व चुकीचे नाही. पण ‘आहे तसे’ म्हणजे १६०५चे की १९५०च्या दशकानंतरचे, हा प्रश्न उरतोच.

गिलावा करायचाच तर तो चुन्याचाच हवा. सिमेंट ओल आत कोंडते, चुना ती बाहेर जाऊ देतो. मात्र चुन्याला सतत निगा लागते, त्यासाठी दरवर्षीचा पैसा आणि ते काम जाणणारे गवंडी लागतात. दर दहा वर्षांनी होणारा शवप्रदर्शन सोहळा जानेवारी २०२५ मध्ये संपला. प्रथेप्रमाणे पुढचा २०३४ मध्ये, म्हणजे तोवर या भिंतींना आणखी काही पावसाळे काढायचे आहेत.