आम्हांला महोत्सव नको!

दिवाळीच्या फराळाचे ताट पुढे असताना कोणाशी भांडू नये, हे मला कळते. पण भांडण पोटात ठेवून चकली खाल्ली तर तीही पचत नाही. तेव्हा वाचकांची क्षमा मागून ते बाहेर काढतो.

आमच्या जालन्यातल्या काही जाणत्या मंडळींच्या मनाने घेतले आहे, की आपल्या जिल्ह्यालाही एक महोत्सव पाहिजे. शेजारी वेरूळ-अजिंठा महोत्सव होतो, मग आपणच का मागे? १ मे १९८१ रोजी आपण औरंगाबादेतून वेगळे निघालो, तेव्हा वाटणीत लेणी तिकडे राहिली; निदान व्यासपीठ तरी इकडे यावे! पर्यटक येतील, हॉटेले भरतील, जिल्ह्याचे नाव होईल. या मित्रांचा हेतू शुद्ध आहे, आणि म्हणूनच त्यांना तोंडावर सांगितले पाहिजे, की हे खूळ आहे.

ज्याचा हेवा वाटतो त्याचेच पाहा. तो महोत्सव एके काळी वेरुळास लेण्यांपाशी होत असे, पुढे तो शहरात सोनेरी महालापाशी आला. तिथले गाणे थोर, नृत्य थोर, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण मध्यंतरी सुमारे सात वर्षे तो झालाच नाही. उजाडला तो २०२३ च्या फेब्रुवारीत. या सात वर्षांत कोणा म्हातारीने विचारले का हो, की ‘यंदा महोत्सव का रे नाही, बाबा?’

आणि आमचे राजूर? २०२१ च्या जुलैत अंगारकी आली, तेव्हा करोनामुळे देवळे बंद होती. आमच्या शेजारच्या आजी त्या दिवशी राजुराकडे तोंड करून ओसरीवर बसल्या होत्या. चहाचा कप तसाच गार झाला. ‘एवढ्या वर्षांत पहिल्यांदा चुकली,’ एवढेच म्हणाल्या.

ज्यांनी अंगारकीची आदली रात्र जालना-राजूर रस्त्यावर काढलेली नाही, त्यांना मी काय सांगू? पंचवीसेक किलोमीटरची वाट, आणि तिच्यावर माणसांची रीघ. कोणी अनवाणी, कोणी चपला हातात घेतलेले, कोणाच्या खांद्यावर पेंगुळलेले पोर. वाटेत कोणी चहा घेऊन उभा, कोणी केळी, कोणी साबुदाण्याची खिचडी. ‘घ्या माउली, घ्या’ म्हणून बळेच हातात द्रोण देतात. पास कोणी मागत नाही, जात-गाव कोणी विचारत नाही. एकदा पाय मुरगळला म्हणून मी बांधावर बसलो, तर एक अनोळखी शेतकरी घरातून तेलाची वाटी घेऊन आला. मी प्रवासी होतो आणि तो यजमान. यासाठी कोणी समिती नेमली नव्हती.

याउलट एका सरकारी महोत्सवाला (नाव सांगत नाही) मी शाळेतली वीस पोरे घेऊन गेलो होतो. आम्हांला बांबूच्या कठड्यामागे बसवले. पुढच्या तीन रांगा सोफ्यांच्या, त्या रात्री नऊपर्यंत मोकळ्या. निवेदक सारखे देशोदेशीच्या पर्यटकांचे स्वागत करीत होता. शेवटी एका पोराने मान उंचावून विचारले, “सर, पर्यटक कुठे बसलेत?” मास्तरकीच्या इतक्या वर्षांत मला न आलेल्या उत्तरांपैकी ते एक.

मित्र लगेच दक्षिणेचा दाखला देतात. महाबलिपुरमला पल्लवांच्या शिल्पांपुढे नृत्योत्सव होतो, तो पाहुण्यांसाठीच मांडलेला आहे आणि देखणा आहे, हे मला मान्य. पण ज्यासाठी लोक जगभरातून केरळात जातात, ते त्रिशूरचे पूरम कोणा पर्यटन खात्याने काढले? दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी कोचीच्या शक्तन तंपुरानाने देवळांना एकत्र बोलावून ते सुरू केले. आजही पारमेक्कावू आणि तिरुवंबाडी ही दोन देवस्थाने हत्तींवरच्या छत्र्या बदलण्यात एकमेकांशी चुरस करतात. ही चुरस त्यांची आपसांतली असते. पाहुणा येतो, तो हे भांडण पाहायला!

आमच्याकडे धुळवडीला हत्ती रिसाला निघतो, त्याला शंभराहून अधिक वर्षे झाली. अंबडला मत्स्योदरीचे नवरात्र आहे. जांबला, जिथे १६०८ साली समर्थ जन्मले, रामनवमी आहे. त्याच जांबच्या मंदिरातून २०२२ च्या ऑगस्टमध्ये मूर्ती चोरीस गेल्या, आणि त्या परत सापडेपर्यंत गावाच्या घशाखाली घास उतरत नव्हता. महोत्सवाच्या मांडवाला पैसे आहेत म्हणता? मग ते देवळाच्या राखणीला द्या. राजूरच्या वाटेवर बायकांना रात्रभर आडोसा सापडत नाही. तिथे चार ठिकाणी स्वच्छतागृहे बांधा, नळ बसवा, परतीला जादा एस.टी. सोडा. परगावचा पाहुणा आला तर त्यालाही ती उपयोगी पडतील.

एवढे वाचूनही ज्यांना व्यासपीठच हवे आहे, त्यांनी पुढच्या अंगारकीला माझ्याबरोबर पायी चलावे. रात्री जेवून निघू. चपला मात्र जुन्या घाला.