दऱ्यांचा दर्या झाला तेव्हा

गेल्या पावसाळ्यात एका वीकेंड ट्रेकवर लिहून पाठवलं. घाट, ढग, मक्याचं कणीस, सगळं साग्रसंगीत. छापून आलं त्या दिवशी बोरिवली लोकलमध्ये चक्क खिडकी मिळाली, म्हणून कौतुकानं उघडलं. पहिलीच ओळ : ‘सह्याद्रीच्या खोल दर्या’. दर्या! म्हणजे अरबी समुद्र थेट माळशेजला. दुपारपर्यंत आईच्या भिशीवाल्या मावश्यांनी विचारून घेतलं, ‘लाइफ जॅकेट नेलं होतंस ना गं?’

चूक माझीच. मी पक्की फोनेटिकवाली. इंग्रजी बटणं बडवायची, समोर मराठी उमटतं. आर-वाय मारलं की रफार येतो. सूर्य, आचार्य यांना तो ठीक. पण दऱ्या, सुऱ्या, तऱ्हा यांना तो आडवा, नाजूक ‘र’च हवा. हिंदीचं त्याच्यावाचून चालतं, आपलं नाही. दक्षिणा आचार्यांना द्यायची की आचाऱ्यांना, हे लग्नघरात कळायला नको?

सीप्झमधला एक मित्र म्हणाला, ‘अगं, इनस्क्रिप्ट शीक. त्यात आहे तो.’ इनस्क्रिप्ट म्हणजे १९९१च्या भारतीय मानकातला कीबोर्ड. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. ‘जे’वर र, शिफ्ट-जे वर नुक्तावाला ऱ. हे अक्षर खरं तर दाक्षिणात्य भाषांतला ‘र’ देवनागरीत लिहिण्यासाठीचं. युनिकोडनं त्याच्याच अर्ध्या रूपाला आपला आडवा ‘र’ करून टाकलं. म्हणून शिफ्ट-जे, मग ‘डी’वरचा हलन्त, मग य. जमलं! पंधरा दिवस बोटं अडखळली, एक डेडलाइन हुकली, ते सोडा.

पुढचं दुखणं ‘ॲ’. शिफ्ट-१ दाबलं की येतो ऍ, ‘ए’वर चंद्र. मराठी माणूस चंद्र देतो ‘अ’वर. पण हे अख्खं अक्षर युनिकोडमध्ये आलंच मुळी २००८ साली, जुन्या कीबोर्डात असणार कुठून? ‘अ’ला चंद्र वेगळा चिकटवला तर दिसायला जवळपास तेच, पण कॉम्प्युटरच्या लेखी ती दोन अक्षरं. मग आपलीच जुनी कॉपी सर्चमध्ये सापडत नाही.

‘मग बटणच बदल की,’ मित्र म्हणाला. मायक्रोसॉफ्टचं ‘कीबोर्ड लेआउट क्रिएटर’ फुकट मिळतं. त्यात आहे तो मराठी लेआउट उघडायचा, शिफ्टवर टिक करायची, १ वर क्लिक करून ऍच्या जागी ॲ टाकायचा (नाहीतर त्याचा नंबर, यू प्लस ०९७२), नवं नाव द्यायचं आणि सेटअप बनवून इन्स्टॉल करायचं. एका कटिंगचं काम. लाजायचं कारण नाही. स्लोव्हाकियात तर आकडे शिफ्ट दाबून येतात, कारण वरच्या रांगेतली बरीचशी जागा त्यांनी आपल्या टोप्या-मात्रावाल्या अक्षरांना देऊन टाकलीय.

घरच्या लॅपटॉपवर आता झकास चाललंय. ज्या ऑफिसात आठवड्यातून दोन दिवस बसते, तिथं मात्र काहीही इन्स्टॉल करायला ॲडमिनची परवानगी लागते. मेल टाकलाय. त्यात ‘ॲडमिन’ हा शब्द मुद्दाम तीनदा लिहिलाय.