बैलाची पत्री आणि बर्फाची वाट

दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच भाचीचा फोन आला. "मावशी, डिसेंबरच्या शेवटी आम्ही मैत्रिणी केदारकंठ्याला चाललोय. सामानाच्या यादीत क्रॅम्पॉन लिहिलेत. मोबाइलवर साडेचारशे रुपयांना दिसतायत. घेऊ का?"

मागून भावोजींचा आवाज आला, "सोवी आहेत, घेऊन टाक की!" आमचे भावोजी धारवाडकडचे. मराठी अगदी आपल्यासारखी बोलतात, पण पैशाचा विषय निघाला की कन्नड आपोआप बाहेर येते. तेवढ्यात ताईने फोन घेतला. "ते क्रॅम्पॉन का काय ते राहू दे. पोरीला तिथं पाठवावं की नाही, ते आधी सांग."

मी म्हटलं, रविवारी तिघंही घरी या. येताना तिचे बूट घेऊन या.

"बूट कशाला?" ताईने विचारलं. त्याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं. आज ते या सदरातून देते, कारण हल्ली आपल्या भागातली बरीच मुलं थंडीच्या सुट्टीत हिमालयात जातात. राजहंसगड, पारगड, कलानिधीगड पायाखाली घातले की त्यांना बर्फाची ओढ लागते. गोवा एक्सप्रेसने दिल्ली गाठायची, पुढे डेहराडून आणि तिथून दिवसभर जीपने सांकरी. उत्साह भरपूर असतो, पैसे मोजके असतात आणि आईवडिलांना बर्फाची काहीच कल्पना नसते. आपल्याकडे बर्फ दिसतो तो उसाच्या रसात!

तर क्रॅम्पॉन म्हणजे काय? ज्यांनी लहानपणी आठवड्याच्या बाजारात नालबंद पाहिला असेल, त्यांना समजायला वेळ लागणार नाही. बैलाला आडवा पाडून, पाय बांधून त्याच्या खुराला लोखंडी पत्री ठोकायचे. रस्त्यावर खूर झिजू नये, ओझ्याची गाडी ओढताना पाय घसरू नये, म्हणून. कन्नडमध्ये याला 'लाळ' म्हणतात. लहानपणी तो शब्द ऐकून आम्ही मराठी मुलं खो खो हसायचो. क्रॅम्पॉन म्हणजे माणसाच्या बुटाला लावायची पत्रीच. फक्त तिला खाली टोकदार दात असतात आणि ते घट्ट बर्फात रुततात.

ही युक्ती जुनीच आहे, पण आजच्या रूपातलं क्रॅम्पॉन आखलं ते ऑस्कर एकेनस्टाइन या इंग्रज रेल्वे इंजिनिअरने, १९०८ मध्ये. त्याला दहा दात होते. ते घडवलं इटलीतल्या कुरमायेर गावच्या हेन्री ग्रिव्हेल या लोहाराने. पुढे १९२९ मध्ये त्याच घरातल्या लॉरां ग्रिव्हेलने बुटाच्या पुढे डोकावणारे आणखी दोन दात जोडले. त्या दोन दातांनी काय फरक पडला, ते १९३८ च्या जुलैत आयगर शिखराच्या उत्तर भिंतीवर दिसलं. त्या भिंतीवर हाइनरिख हारर चढत होता. हाच हारर पुढे डेहराडूनच्या छावणीतून पळून तिबेटात गेला. त्याच्याकडे क्रॅम्पॉन नव्हतेच, खिळ्यांचे बूट होते. जोडीदार कास्पारेककडे दहा दातांचे होते. दोघं बर्फात पायऱ्या खोदत वर सरकत होते. मागून हेकमायर आणि फ्योर्ग आले. निदान एकाकडे तरी नवे बारा दाती क्रॅम्पॉन होते, आणि त्यांनी या दोघांना बघता बघता गाठलं. शेवटी चौघं एका दोराला बांधून घेऊन माथ्यावर पोचले.

ही गोष्ट सांगितली की मुलांना वाटतं, मग आपल्यालाही बारा दातीच हवेत. इथेच पहिली चूक होते. केदारकंठा म्हणजे आयगर नव्हे. तो साधारण साडेबारा हजार फुटांचा डोंगर आहे, आणि त्याची वाट पायांनी चालत जाण्याची आहे. पण पहाटे अंधारात शेवटची चढण चढताना तुडवून तुडवून घट्ट झालेला बर्फ काचेसारखा होतो. तिथे बूट कितीही चांगला असला तरी सुटतो.

अशा वाटेला लागतात ते मायक्रोस्पाइक्स. बुटावर ताणून चढवायचा रबराचा पट्टा, खाली साखळ्या आणि साखळ्यांना सुमारे सेंटिमीटरभर लांबीचे पोलादी दात. गंमत अशी, की तिकडचे दुकानदार, वाटाडे, ट्रेक नेणारे बरेच लोक यालाच क्रॅम्पॉन म्हणतात. म्हणून यादीत 'क्रॅम्पॉन' लिहिलं असेल तर आधी फोन करून विचारावं, नक्की काय हवंय? खरे क्रॅम्पॉन म्हणजे पूर्ण पोलादी सांगाडा आणि लांब दात. ते हिमनदीवर, कडक बर्फाच्या उभ्या उतारावर, गिर्यारोहणाच्या मोहिमेत लागतात. ते दहा हजारांच्या आसपास आणि पुढेही जातात. पायाखालच्या चांगल्या साखळ्या दीड-दोन हजारांपासून मिळतात. आणि साडेचारशेला जे मिळतं, त्याबद्दल मला थोडं माझ्याच विषयी सांगावं लागेल.

२०१६ च्या डिसेंबरात मी चौदा मुलांना घेऊन केदारकंठ्याला गेले होते. खर्चाचा हिशेब माझ्याकडे होता. चांगल्या जोड्या महाग पडत होत्या, म्हणून मी स्वस्तातल्या घेतल्या. एका जोडीमागे सहाशे रुपये वाचले. मुलांनी टाळ्या वाजवल्या, मलाही आपण फार हुशार आहोत असं वाटलं.

माथ्यावर सगळे सुखरूप पोचलो. सूर्योदय पाहिला, फोटो काढले. उतरताना एका मुलाच्या उजव्या बुटावरचं रबर साखळीच्या भोकापाशी फाटलं. थंडीने ते आधीच कडक झालेलं होतं. साखळी बाजूला गेली, पाय सुटला आणि पोरगा पाठीवर पडून वीसेक फूट घसरत गेला. खाली भुसभुशीत बर्फ होता म्हणून थांबला. हात टेकायला गेला तेव्हा मनगट मोडलं. वाटाड्याने झोपायच्या फोमच्या चटईचा तुकडा कापून हात बांधला. मी नंतर बाकीच्या जोड्या तपासल्या, तर आणखी तीन ठिकाणी रबराला चिरा गेलेल्या. म्हणजे त्या दिवशी एकच मुलगा पडला, हे आमचं नशीब.

घरी आल्यावर मी त्याच्या आईला भेटायला गेले. काय बोलायचं ते रस्त्याने ठरवत होते. त्या माउलीने मला बोलूच दिलं नाही. म्हणाल्या, "टीचर, नीवु इद्रल्ला, अष्टे साकु." तुम्ही होता ना, तेवढं पुरे. त्यांनी मला दोन शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. पैसे मी वाचवले होते आणि हात त्यांच्या मुलाचा मोडला होता. ते फाटलेलं रबर अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे.

म्हणून आता कुणी 'स्वस्त क्रॅम्पॉन सांगा' म्हटलं की मी पैशाचं नंतर बोलते. आधी विचारते, कुठे जाणार, कोणत्या महिन्यात आणि बूट कोणते?

बुटाचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. नालबंद आधी खूर बघायचा, मग पत्री उचलायचा. क्रॅम्पॉनचंही तसंच आहे. ते बुटाला बांधण्याचे मुख्य प्रकार तीन. पहिला, पुढे-मागे दोन्हीकडे पट्ट्यांनी बांधायचा. हा साध्या ट्रेकिंगच्या बुटावरही बसतो, मात्र मधली जोडपट्टी लवचीक हवी. दुसऱ्यात पुढे पट्टा आणि मागे टाचेला खटका. त्यासाठी बुटाच्या टाचेला खाच लागते आणि तळवा बराच ताठ लागतो. तिसऱ्यात पुढे तार आणि मागे खटका. त्याला दोन्हीकडे खाच असलेला, अजिबात न वाकणारा गिर्यारोहणाचा बूट लागतो. मऊ बुटावर ताठ क्रॅम्पॉन चढवलं तर चालताना बूट वाकतो, लोखंड वाकत नाही. मग एक तर क्रॅम्पॉन निसटतं, नाही तर मधली पट्टी तुटते. नीट मापाचं क्रॅम्पॉन पट्टा न आवळताही बुटाला धरून राहतं. बूट उचलून हलवला आणि ते पडलं, तर माप चुकलं.

साखळीवाले घेताना रबर जाड आहे का, साखळी जिथे अडकते तिथलं भोक मजबूत आहे का, ते ओढून पाहावं. दात टाचेखालीही हवेत. नुसत्या चवड्याखाली चार-पाच बारीक खिळे असलेले रबरी तुकडे शहरातल्या फुटपाथसाठी ठीक, डोंगरासाठी नाहीत. आमच्या भाचीने मोबाइलवर पाहिलेले तसलेच होते.

खऱ्या क्रॅम्पॉनमध्ये पोलाद आणि अॅल्युमिनियम असे दोन प्रकार येतात. अॅल्युमिनियम हलकं असतं, पण दगडावर लवकर झिजतं. आपल्या मुलांना बर्फ आणि दगड आलटून पालटून लागतात, तेव्हा पोलादच बरं. नुसतं चालायचं असेल तर दहा दात पुरतात, उभ्या बर्फावर चढायचं तर बारा. ईएन ८९३ किंवा यूआयएए १५३ ही मानकाची खूण आहे का, ते पाहावं. तळाला प्लास्टिकची किंवा रबराची पट्टी हवी. पावसाळ्यात काळ्या रानातून चालताना चपलेला चिखलाचे गोळे चिकटून आपण कसे उंच होतो! ओल्या बर्फाचेही तसेच गोळे दातांत बसतात आणि मग दात असून नसल्यासारखे होतात. या पट्टीमुळे बर्फ चिकटणं बरंच कमी होतं.

आता पैसे वाचवायचे कुठे? एकदाच जायचं असेल तर विकत घेऊच नये, भाड्याने घ्यावं. सांकरीत भाड्याने मिळतात, आणि काही ट्रेकवाल्यांच्या शुल्कातच ते धरलेले असतात. फक्त मुक्कामी पोचल्या संध्याकाळीच मागून घ्यावेत, स्वतःच्या बुटावर चढवून अंगणात दहा मिनिटं चालावं, चीर दिसली तर बदलून मागावेत. लाजू नये. गिर्यारोहणाचा कोर्स करायचा असेल तर प्रवेश घेताना संस्थेला विचारावं, कोणतं सामान त्यांच्याकडून मिळतं. उगाच आधी खरेदी करू नये. जुनं पोलादी क्रॅम्पॉन घ्यायलाही हरकत नाही. दात वाकलेले नसावेत, सांगाड्याला तडा नसावा, पट्टे नवे घालावेत. बोथट दातांना हाताच्या कानशीने धार लावावी. ग्राइंडरवर धरलं तर लोखंड तापतं आणि त्याचं पाणी उतरतं, हे आपल्याकडचा कुठलाही लोहार सांगेल. वाचलेले पैसे बुटात घालावेत.

आणि एक गोष्ट फुकटची आहे, पण तिच्यावाचून सगळं व्यर्थ. वापरायला शिकणं. पाऊल सपाट टाकायचं, दोन पायांत थोडं अंतर ठेवायचं, नाही तर एका पायाचे दात दुसऱ्या पायाच्या विजारीत अडकतात. उतरताना मुलं मजेने बर्फावर बसून घसरतात. तेव्हा पायात दात असतील तर एखादा दात बर्फात रुततो, पाय तिथेच राहतो आणि शरीर पुढे जातं. घोटा मोडतो तो असा. घसरायचं तर आधी काढून ठेवायचे. गुडघाभर भुसभुशीत बर्फात या दातांचा फारसा उपयोग नाही, आणि वाटाडा परत फिरा म्हणाला तर मुकाट परत फिरायचं. पायात लोखंड आहे म्हणून कुणी डोंगराशी वाद घालू नये.

रविवारी तिघं आली. मी माझी स्वतःची जोडी काढून भाचीच्या बुटावर चढवली. रबर सैल पडलं, पाय हलवला तशी साखळी बाजूला सरकली. "दे की तिला हीच, फुकटात काम होतंय," ताई म्हणाली. मी खणातलं ते फाटकं रबर आणून टेबलावर ठेवलं आणि त्याची हकिगत सांगितली. ताई गप्प झाली.

भावोजींनी ते रबर बराच वेळ हातात फिरवलं. त्यांच्या वडिलांची शेती होती, दावणीला बैल होते. ते म्हणाले, "एत्तिन लाळ अळतेगे सरी इरबेकु. नाही तर बैल लंगडतो." पत्री मापाची पाहिजे. मी एवढा वेळ जे सांगत होते ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. मग लेकीकडे वळून म्हणाले, "सांकरीला पोचल्यावर बुटावर घालून बघ, आणि मला फोटो पाठव. भाडं किती का असेना."

ताईचा पहिला प्रश्न राहिलाच होता. मी म्हटलं, "जाऊ दे तिला. तिने विचारून तरी घेतलं. मी विचारलं नव्हतं."

ताईने त्यावर काही म्हटलं नाही. निघताना मात्र तिने वाटेत खायला काय द्यायचं याची यादी सुरू केली. चिवडा, शेंगदाण्याची चटणी, दोन किलो कुंदा. थंडीत त्या कुंद्याचा दगड होणार आहे, हे मी तिला सांगितलं नाही.